काचेवरचा हार

सई, माझी धाकटी लेक, सध्या शिकायला बेलफास्टमध्ये आहे. मागच्या महिन्यात तिने मोबाइलवर एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आई, सुहासमामाच्या फोटोवरची फुलं इथे भिंतीवर कशी काय?’ फोटोत एका दुमजली घराची अख्खी बाजूची भिंत रंगवलेली होती. वर हिरवा, पांढरा, नारिंगी झेंडा, मधे ओळीने तरुण पोरांचे चेहरे, आणि खाली, कुंपण घालावं तशी, पांढऱ्या लिलीची फुलं. भिंतीपुढे टूरिस्टांची बस उभी होती आणि एक बाई आइस्क्रीम खात चेहऱ्यांकडे बघत होती. मी तो फोटो बघितला, मोबाइल पालथा ठेवला आणि लसूण सोलायला घेतला. मला काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याला उगाच वाटायचं, आता बाई हुंदका देणार. ते आमच्या घराण्यातच नाही. किंवा असं म्हणा, एका ठरावीक वर्षापासून नाही.

त्या वर्षी आमच्या घरात कितीतरी महिने कुणीच रडलं नाही. मी सोळा वर्षांची होते. मस्कतमध्ये, रुवीत एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहायचो. खाली शिंप्याचं दुकान, त्याची चार मशिनं सकाळपासून खडखडत असत. खिडकीतला एसी गळायचा, त्याखाली आईने डालड्याचा डबा ठेवलेला, त्यात टप टप पाणी पडे. बाहेर टॅक्सीवाल्यांचे हॉर्न, मग बांग, मग पुन्हा हॉर्न. दादा गेल्यावर यातलं काहीही थांबलं नाही याचं मला तेव्हा फार आश्चर्य वाटलं होतं. आई रोज स्वयंपाक करायची. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, मत्रहच्या बाजारातून बाबांनी आणलेले बांगडे, गावाकडच्या आमसुलांची कढी. सगळं करायची, आम्हाला वाढायची आणि स्वतः ‘माका भूक नाय’ म्हणून ओट्याला टेकून उभी राहायची. तिच्या हाताची चव मात्र तसूभर बदलली नव्हती. मी दोन-दोन बांगडे खायची आणि खाताना मला लाज वाटायची.

दादा म्हणजे सुहास, माझा एकुलता एक भाऊ. वीस वर्षांचा. बाबा ज्या साइनबोर्डाच्या दुकानात पेंटर होते तिथेच तो व्हॅन चालवायचा आणि दुकानांवर पाट्या बसवून द्यायचा. एके दिवशी तो अल अमेरातला एक पाटी बसवायला गेला. परत येताना डोंगरात कुठेतरी पाऊस पडून वादी आली. ज्यांनी वादी बघितली नाही त्यांना ते कळायचं नाही. कोरडा दगडगोट्यांचा पाट असतो, बकऱ्या चरत असतात, आणि पाच मिनिटांत तिथून मळकं पाणी धावतं. व्हॅन दुसऱ्या दिवशी सापडली, दादा त्यापुढच्या दिवशी. ओळख पटवायला इस्पितळात बाबा एकटे गेले. आईचे आणि माझे पासपोर्ट व्हिसाच्या शिक्क्यासाठी दिलेले, मधे ईदची सुट्टी, ऑफिसं बंद. त्यामुळे बंद पेटी घेऊन बाबा एकटेच विमानाने गावी गेले. पेटी उघडू नका असं बजावलं होतं, गावाला कुणी उघडली नाही. पंधरा दिवसांनी बाबा डोक्याचा गोटा करून परत आले. आईने दार उघडलं, त्यांची पिशवी घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘डोळे मिटलेले होते मा ओ?’

आमच्या गावाकडे म्हणतात, गेलेल्याचे डोळे घरच्या माणसाने मिटायचे. उघडे राहिले तर जीव पुढे जात नाही, मागे वळून घराकडे बघत राहतो. आता शिकलेली माणसं याला हसतील. मीही हसले असते. पण आईने जे बघितलंच नाही त्याच्याबद्दल विचारण्यासारखा तिच्यापाशी हा एकच प्रश्न होता. बाबांनी उत्तर दिलं नाही. ‘पाणी दी,’ एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते कामावरून आले, बूट काढायला वाकले, आईने तेच विचारलं. तिसऱ्या दिवशी तेच. ती ओरडून नाही विचारायची. दूध आणलंत का, अशा आवाजात विचारायची. बाबा पाणी मागायचे. दादाचा पासपोर्ट साइजचा फोटो मोठा करून, फ्रेम करून आणला होता. तो कपाटात साड्यांखाली पालथा ठेवलेला. उत्तर मिळेपर्यंत आई तो भिंतीवर लावू देणार नव्हती, आणि उत्तर मिळत नव्हतं. असे सात-आठ महिने गेले. मी दहावीच्या पुस्तकात डोकं घालून बसायची आणि एकही अक्षर डोक्यात शिरायचं नाही.

बाबांचं सांगायला हवं. ते मूळचे गणपतीच्या शाळेतले. आमच्या कोकणात जिथे गणपती करतात तिला शाळाच म्हणतात. सहा वर्षांचे असल्यापासून माती मळायला बसलेले. सगळी मूर्ती रंगवून झाली की शेवटी डोळ्यांची आखणी. ती शाळेतला मुख्य माणूसच करतो, आंघोळ करून, श्वास रोखून, खारीच्या केसांच्या ब्रशाने. आखणी झाली की मूर्ती बघायला लागते, असं म्हणतात. बाबा अठराव्या वर्षी आखणीला बसले होते, इतका त्यांचा हात स्थिर. मस्कतला आल्यावर त्याच हाताने ते न्हाव्यांच्या दुकानांवर भांग पाडलेले हिरो काढायचे आणि अरबीचं एक अक्षर न वाचता येता सुरेख अरबी पाट्या रंगवायचे. अरबी माणसं थांबून बघत. दादा गेल्यावर त्यांनी दुकानात सांगून टाकलं, अक्षरं करीन, चेहरे नाही. शेठजींनी, म्हणजे आमच्या ओमानी मालकांनी, अर्बाबनी, काही विचारलं नाही. दुकान त्यांचं, व्हॅन त्यांची, बाबांचा व्हिसाही त्यांच्याच नावावर. भला माणूस होता. पण अर्बाब तो अर्बाब.

याच अर्बाबचा अल् खुवैरला एक व्हिला होता. तेव्हा तिकडे आजच्यासारखी काचेची ऑफिसं आणि गाड्यांच्या रांगा नव्हत्या. चार घरं, मग वाळू, मग आणखी चार घरं. तो व्हिला केव्हिन नावाच्या एका माणसाने भाड्याने घेतला होता. जनरेटरचा इंजिनियर. उंच, हडकुळा, उन्हाने मान कायमची लाल झालेली. बाबांना गेट रंगवायला पाठवलं तेव्हा केव्हिनने त्यांना आत बोलावून एक फोटो दाखवला आणि बरंच काही बोलला. बाबांना इंग्रजी यस-नो पुरतं. ते घरी येऊन मला म्हणाले, ‘बाय, शुक्रवारी माझ्यावांगडा चल. तो गोरो काय म्हणता ता माका सांग.’

मी ऐटीत गेले, कारण शाळेत माझं इंग्रजी पहिलं. डोंबल! त्या माणसाचं इंग्रजी मला चार शब्दांतला एक कळेना. तो घशातून, भराभर, शब्द गिळत बोलायचा. मी तीनदा ‘पार्डन?’ म्हटल्यावर तो हळू बोलायला लागला. फोटोतली भिंत बेलफास्टमधली, त्याच्या आईच्या गल्लीतली होती. तिथे लोक आपल्या गेलेल्या माणसांना घरांच्या भिंतींवर रंगवतात, म्हणाला. इंग्रजांचं राज्य नको म्हणून लढलेले, तुरुंगात अन्न सोडून मेलेले, सगळे. मधला चेहरा त्याच्या धाकट्या भावाचा, ओवेनचा. तुरुंगात ती उपोषणं चालू होती त्या दिवसांत रोज दंगे व्हायचे. तशाच एका दंग्यात सोल्जरांनी त्याला गोळी घातली. ‘हातात काय होतं?’ मी विचारलं. सोळाव्या वर्षी माणूस काहीही विचारतो. तो म्हणाला, ‘सैन्य म्हणतं बंदूक. माझी आई म्हणते काही नाही. भिंतीवर बंदूक काढली आहे.’ मग थोड्या वेळाने म्हणाला, ‘दोन गल्ल्या सोडून पलीकडे गेलात तर तिथे त्याला खुनी म्हणतात. त्यांच्या भिंतींवर त्यांची माणसं आहेत.’ हे तो अगदी सपाट आवाजात सांगत होता. आमच्या घरातला आवाज. मी लगेच ओळखला.

त्याला आपल्या अंगणाच्या भिंतीवर, आतल्या बाजूने, ते चित्र हवं होतं. बंदूक नको. बाबांनी ऐकलं आणि मान हलवली. ‘तेका सांग, माका चेहरो जमाचो नाय.’ मी सांगितलं. केव्हिनला आमच्या दादाबद्दल अर्बाबकडून कळलं होतं. तो फोटो हातात धरून म्हणाला, ‘मी इथे कामावर होतो तेव्हा तो गेला. मला उशिरा कळलं. मी त्याला शेवटचं पाहिलं नाही. तुझ्या वडिलांनी निदान त्यांच्या मुलाला पाहिलं.’ हे मी भाषांतर करायला नको होतं. खाऊन टाकता आलं असतं, कुणाला कळलं असतं? पण मी हुशार मुलगी, शब्दन्‌शब्द सांगितला. बाबांनी गेटच्या नव्या रंगावरून बोट फिरवलं. ‘तेका सांग,’ ते म्हणाले, ‘बघूचा काय सोपा नसता.’ आणि मग, ‘कितक्या वर्सांचो होतो?’ केव्हिनने वीस सांगितलं. बाबांनी खिशातून टेप काढली आणि भिंत मोजायला घेतली. अर्बाबला विचारायचं मात्र राहिलं. भिंत आतली आहे, बाहेरून दिसत नाही, काय होतंय, असं त्यांना वाटलं असावं. किंवा त्यांना काहीच वाटलं नसावं. त्या वर्षी आम्ही बऱ्याच गोष्टी काही न वाटता करत होतो.

मग दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी आणि बाबा टॅक्सीने अल् खुवैरला. बाबांनी दोरा निळीत बुडवून भिंतीवर चौकटी पाडल्या, तशाच फोटोवर पेन्सिलीने, आणि एकेक चौकट उतरवायला लागले. मी डबे ढवळायची, ब्रश धुवायची. केव्हिन दुधाचा कडक चहा करून आणायचा आणि खुर्ची टाकून बसायचा. पहिल्याच शुक्रवारी बाबांनी झेंडा रंगवून टाकला. इंडियन स्कूलचा पंधरा ऑगस्टचा झेंडा दरवर्षी तेच रंगवायचे, हात आपोआप चालला. वर केशरी, मधे पांढरा, खाली हिरवा, आडवे पट्टे, आणि पांढऱ्यात पेन्सिलीने चक्राचा गोलही मारून ठेवला! केव्हिन चहा घेऊन आला आणि बघतच राहिला. मग इतका हसला की कप बशीत लवंडला. ‘सांग त्यांना, माझ्या आईला फिट येईल,’ म्हणाला. बाबा ओशाळले. ‘रंग तेच मा? माका वाटला, फोटो आडवो धरूक होयो.’ त्यांनी पट्टे उभे केले, हिरवा आधी. तो माणूस हसलेला मी तेवढा एकदाच बघितला.

तिसऱ्या का चौथ्या शुक्रवारी चेहरा उभा राहिला. केस, कान, जिवणी, हनुवटीवरची खळी, सगळं. फक्त डोळ्यांच्या जागी दोन पांढुरके डाग. त्यात काही नवल नव्हतं, डोळे शेवटीच. फोटोत खाली लिलीची फुलं होती. केव्हिनने मला सांगितलं होतं की ईस्टरच्या दिवसांत त्यांच्याकडे गेलेल्यांची आठवण म्हणून कोटावर ही फुलं लावतात. मी ते बाबांना सांगितलं. त्यावर बाबांनी काय करावं? त्यांनी ती फुलं खालून उचलली आणि एकेक करून ओवली. चेहऱ्याच्या एका बाजूने खाली, दुसऱ्या बाजूने वर, मधे पदक असावं तसं एक मोठं फूल. हार! मी म्हटलं, ‘बाबा, फोटोत असं नाही.’ ते वळलेही नाहीत. ‘गेलेल्या माणसाक हार नको? फुलां अशी पायांकडे पडलेली बरी नाय दिसत.’

केव्हिन आला. बघितलं. आत गेला. मला वाटलं, संपलं, आता ओरडणार. बाबांनी पांढऱ्या रंगाचा डबा उघडून ठेवला, पुसायला. दहा मिनिटांनी तो बाहेर आला, तोंड धुऊन आला होता, आणि मला म्हणाला, ‘राहू दे. त्यांना सांग, राहू दे तसंच.’

आणि मला राग आला. अख्ख्या वर्षात मला आलेली ती एकच भावना, म्हणून लख्ख आठवते. परक्याच्या मेलेल्या भावाला हार, आणि माझा भाऊ साड्यांखाली पालथा. टॅक्सीत मी बाबांना म्हटलं, ‘आई रोज एक गोष्ट विचारते. तुम्हाला तोंड नाही का?’ बाबांशी मी अशी कधी बोलले नव्हते. त्यांनी खिडकीची काच वर केली. घरी आल्यावर बूट काढायला वाकले, आईने विचारलं, त्यांनी पाणी मागितलं.

डोळ्यांवाचून तो चेहरा दोन शुक्रवार तसाच राहिला. बाबा आंघोळ करून येत, ब्रश पाण्यात भिजवून टोक काढत, भिंतीपुढे उभे राहत आणि हात वर नेत. हात कापायचा. मी बाबांचा हात कापताना कधी बघितला नव्हता. दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी ब्रश माझ्याकडे दिला. ‘तू कर, बाय. आखणी मी शिकवलंय मा तुका.’ शिकवली होती, पाटीवर, लहानपणी, गणपतीची. मी स्टुलावर चढले आणि केले. इथे लिहिणाऱ्याने म्हणावं की ते डोळे हुबेहूब दादासारखे झाले. अजिबात नाही. ते त्या ओवेनचेही धड झाले नाहीत. डावा जरा बाहेर बघत होता. पण उघडे होते, आणि अंगणात कुठेही उभं राहिलं तरी आपल्याकडे बघायचे. केव्हिन म्हणाला, ‘थँक यू.’ बाबा बघतच नव्हते, ते ब्रश धूत होते, जे काम माझं होतं.

जेमतेम आठवडा गेला असेल. टाकीची गळती बघायला अर्बाब स्वतः व्हिलावर आले. नेमके आम्ही तिथे, उरलेले डबे आणायला गेलेलो. अंगात पांढरी शुभ्र, पायघोळ दिशदाशा, हातात काठी, म्हातारा माणूस. ते अंगणात आले आणि भिंतीपुढे थांबले. चित्र वरपासून खालपर्यंत बघितलं. मग बाबांना त्यांच्या हिंदीत विचारलं, ‘ये नफर कौन?’ नफर म्हणजे माणूस.

‘इसका भाई, अर्बाब. मर गया,’ बाबा म्हणाले.

‘अल्लाह यरहमा.’ त्यांनी छातीवर हात ठेवला. मनापासून ठेवला. मग काठीने झेंडा दाखवला. ‘लेकिन दूसरे मुल्क का झंडा, लड़ाई वाला आदमी, मेरी दीवार पर? कल कोई देखेगा, बोलेगा ये घर किस का? मेरा. पेंटर किस का? मेरा.’ आवाज चढला नव्हता, त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. ‘तुम मेरे को पूछा नहीं, बाबू.’

बाबांनी हातातले डबे खाली ठेवले. केव्हिन मधे पडला, माझी चूक, मीच सांगितलं, वगैरे. अर्बाबनी ऐकून घेतलं. ‘जुम्मे तक सफेद. खलास,’ म्हणाले, आणि बाबांकडे बघून, ‘तुम्हीं ने किया, तुम्हीं साफ करो. फिर मेरे पास आओ.’ ते ‘फिर मेरे पास आओ’ आम्हाला चार दिवस पुरलं. पुढे ते व्हिसा रद्द करणार, गावी पाठवणार, की काय? बाबांनी आईला काही सांगितलं नाही, मीही नाही. बॅगा भराव्या लागल्या तर दादाची फ्रेम कुठल्या बॅगेत जाईल, असा विचार करत मी पडून राहायची. भीती अशी वाटत नव्हती.

शुक्रवारी रोलर, चुन्यासारखा पांढरा डिस्टेंपर, दोन बादल्या असं घेऊन गेलो. केव्हिनने खुर्ची भिंतीसमोर ठेवली होती. मला वाटलं बाबा सरळ रोलर मारतील, तासाभराचं काम. त्यांनी रोलर उघडलाच नाही. एका झाकणात पांढरा, पिवळा, गेरू थोडा थोडा घेऊन त्यांनी त्वचेचा रंग कालवला. तोच रंग, तितकाच फिका. खारीच्या केसांचा ब्रश घेतला, स्टुलावर चढले आणि मी काढलेल्या उजव्या डोळ्यावर वरून खाली पापणी ओढली. हळूहळू, कडेपर्यंत. मग डाव्या. हात अजिबात कापत नव्हता. मग तपकिरी रंगाने पापण्यांच्या केसांची एकेक बारीक रेघ. खाली उतरून मागे सरकले, बघितलं. तो मुलगा झोपला होता. इतका वेळ अंगणभर जे बघणं होतं ते थांबलं, हे मला कळलं, शेजारी उभी होते ना. बाबांनी पुढे होऊन डावा तळहात कपाळाच्या जागी, भिंतीला न टेकवता धरला. केव्हिन खुर्चीवरून उठला आणि त्याने टोपी काढली. मला भाषांतर करायला कुणी सांगितलं नाही.

रंग सुकेपर्यंत ते दोघं तसेच उभे राहिले. मग बाबांनी रोलर मारला. आधी झेंडा, मग हार, मग चेहरा. दोन हात दिल्यावर खाली काही होतं असं वाटेना. निघताना केव्हिनने त्यांचा हात हातात घेतला. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती, बरंच झालं. तिथून बाबा अर्बाबकडे गेले, मला बाहेर टॅक्सीत बसवून. पाच मिनिटांत परत आले. ‘काय म्हणाले?’ मी विचारलं. ‘म्हणाले, पुढच्या वेळाक विचार. आणि म्हणाले, तुझ्या झिलाचा ऐकान वायट वाटलेला, तेवा बोलूचा रवला.’

घरी आई कढीला फोडणी देत होती. बाबांनी बूट काढलेच नाहीत. तसेच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आईने मान वर केली, तोंड उघडलं, रोजचं विचारायला. त्याआधी बाबाच बोलले.

‘उघडे होते गो.’

आईने गॅस बंद केला.

‘चिखल होतो डोळ्यांत. डॉक्टर म्हणालो, हात लावा, तुमचो झील आसा. माझो हात पुढे जावक नाय. दोनदा केलंय, नाय गेलो. मगे तेंनी पेटी लावली.’ बाबांच्या बोटांना अजून पांढरा रंग होता. ‘आज मिटून इलंय. त्या गोऱ्याच्या भावाचे. पण मनात आपलोच होतो.’

आता आई म्हणेल, कुणाच्या भिंतीवरचे कुणाचे डोळे मिटले आणि ते आमच्या दादाला कसे पोचणार, असं मला वाटलं. तिने यातलं काही विचारलं नाही. केव्हिन कोण हेही विचारलं नाही. ती बाबांच्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘खिळो आसा काय घरात?’

भाड्याच्या घरात खिळे ठोकायला बंदी होती. बाबांनी ठोकला. पहिला काँक्रिटवर वाकला, दुसरा वाकला, तिसरा गेला. आईने साड्या उचलून फ्रेम काढली, पदराने पुसली, टांगली. मग ती म्हणाली, ‘हार नाय.’ शुक्रवारी दुपारी रुवीत फुलं कुठून आणायची? बाबांनी पिशवीतून पांढऱ्याचा डबा काढला आणि फ्रेमच्या काचेवरच, दादाच्या चेहऱ्याच्या एका बाजूने खाली, दुसऱ्या बाजूने वर, हार रंगवला. झेंडू येतील, मोगरा येईल, मला वाटलं. हाताला सवय लागलेली तीच फुलं आली. लिलीची. पाकळ्या लांब, मधे नारिंगीचा ठिपका.

आई बघत होती. तिने पुढे होऊन एका फुलाला बोट लावलं. रंग ओला होता, तिच्या बोटाला डाग पडला. तो डाग तिने नाकाजवळ नेला, जणू वास येणार होता, आणि मग ती रडली. मोठ्याने, गावच्या बायका रडतात तशी, नाव घेऊन घेऊन. खाली शिंप्याची मशिनं थांबली. बाबा भिंतीला पाठ लावून खाली बसले आणि तेही रडले. मी हातोडी हातात घेऊन उभी होते. मला वाटलं आता मलाही रडू येईल, वाट बघितली. नंतर कढी परत गरम करायला ठेवली, कारण कुणीतरी ठेवायला हवी होती. त्या दिवशी आई आमच्याबरोबर जेवायला बसली आणि तिने दोनदा भात घेतला.

आता आई नाही, बाबा नाहीत. केव्हिन पुढच्याच वर्षी गेला, कुठे ते ठाऊक नाही. मी अल अमेरातला राहते. भाडी परवडतात म्हणून आलो आणि राहिलो. रुवीला जाताना तीच वादी लागते. आता रस्ता रुंद आहे, वर पूल आहे, दोन मिनिटांत ओलांडली जाते. लोक विचारतात, तुम्हाला काही वाटत नाही? मी म्हणते, सिग्नल असला तर वैताग येतो. दादाचा फोटो बाहेरच्या खोलीत आहे. पाहुणे म्हणतात, ही कुठली फुलं हो, आणि मी म्हणते, अशीच.

लसूण सोलून झाल्यावर मी मोबाइल सरळ केला. फोटो बोटांनी मोठा करून ओळीतला एकेक चेहरा बघितला. ओवेन असलाच तर मला ओळखता आला नाही, आणि ओळखायचा कशावरून, त्याचे डोळे तर मी चुकीचे काढले होते. सगळ्यांचे डोळे उघडे होते. फुलं पायांशी पडलेली. सईला मी लिहिलं, ‘ती फुलं तिथलीच आहेत. तुझ्या आजोबांनी ओवली. सगळं सांगेन सावकाश.’ तिचा लगेच उलट मेसेज आला, ‘तू रडतेयस का?’

‘नाही,’ मी लिहिलं. मग चष्मा पुसायला घेतला, आणि तो कोरडाच होता. तरी मी तो बराच वेळ पुसत बसले.